लुकेरियाचं लेबल

वुडबर्नला माझी फार्मसी आहे. म्हणजे माझी नव्हे,
मी फक्त उभी असते तिथे पांढऱ्या कोटात,
हायवेकडे तोंड करून, दिवसाचे दहा तास.
स्ट्रॉबेरी तोडणारे येतात पाठदुखी घेऊन,
आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती येते:
पायघोळ फुलाफुलांचा झगा, डोक्याला घट्ट रुमाल,
कमरेला विणलेला पट्टा, जो म्हणे झोपतानाही सुटत नाही.
इन्सुलिन न्यायला.

पहिल्यांदा लेबल वाचलं तेव्हा
पहिलं नाव होतं ल्यूक, मधलं एरिया.
विमा कंपनीने बाईचे दोन तुकडे केले होते,
एक पुरुष आणि एक परिसर.
ती हसली नाही. काउंटरवर बोट टेकवून म्हणाली,
"लु-के-रि-या",
एकेक अक्षर खडा काढून ठेवल्यासारखं.

मग दर मंगळवारी थोडं थोडं कळत गेलं.
मूळ शब्द ग्रीक. ग्लिकेरिया, म्हणजे गोड.
पोथीत तसंच लिहायचं, प्रार्थनेत तसंच म्हणायचं,
पण चुलीपाशी जोडाक्षर चघळत कोण बसतो?
आधी ग गळला, मग इकाराचा उकार झाला,
आमच्याकडे द्रौपदीची धुरपदा झाली तसा.
लाडाने लुशा.
(हे ऐकून मला लुसलुशीत आठवलं, उगीचच.)

ग्लुकोजही त्याच मुळातून फुटलाय
हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणजे बाईच्या रक्तात तिचंच नाव चढत होतं,
उपाशीपोटी दोनशे चाळीस.
मी हे तिला सांगितलं.
तिने सुया पिशवीत टाकल्या.
"नाव पंचांगाने दिलं, पथ्य डॉक्टरने," म्हणाली,
"मला कुणीच विचारलं नाही."

मंचुरियातल्या एका खेड्यात जन्मली,
त्या आठवड्याच्या पानावर हीच संत होती, संपलं.
तेच नाव हाँगकाँगला बोटीत चढलं,
ब्राझीलमध्ये मका पेरून ऑरेगनला पोचलं.
प्रत्येक हद्दीवर कारकुनाने स्पेलिंग बदललं,
हाक तेवढी बदलली नाही.

माझं नाव तांदळात लिहिलं होतं.
ताटात, नवऱ्याने, अंगठीने.
कुंदाची मी अनुराधा झाले,
आणि त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार.
इथे बिल्ल्यावर ॲना आहे.

एप्रिलात नातसून बरोबर आली, आठवा भरलेला.
घरी उलिता, कामावर जूली.
"बघा ना, आजीचं नाव किती मुलींना ठेवतात?"
मी सरकारी यादी खाली खाली सरकवत नेली.
हजार नावं संपली.
"रशियातही आता कोण ठेवतं," उलिता म्हणाली,
"खेडवळ वाटतं त्यांना. भांडीवालीचं."
म्हातारी काचेतल्या खोकल्याच्या गोळ्या बघत होती.
"बरंय की," तिकडूनच म्हणाली,
"औषधांची अदलाबदल नाही व्हायची."

जूनचा पहिला मंगळवार. उलिताचा नवरा एकटाच आला,
डोळे तारवटलेले, दाढीला दुधाचा वास.
व्हिटॅमिन डीचे थेंब.
रुग्ण: लुकेरिया. वय: नऊ दिवस.

कॉम्प्युटर अडला.
तेच नाव, तेच आडनाव, तोच पत्ता.
या दोन्ही एकच व्यक्ती आहेत का? नोंदी एकत्र करू?
मागे रांग होती. एक माणूस सारखा खोकत होता.
एका बटणाचा प्रश्न,
मी मात्र उगाच वेळ लावला,
मग 'नाही' दाबलं.

लेबल गरम गरम बाहेर आलं.
बाटलीला चिकटवण्याआधी
मी ते एकदा मोठ्याने वाचलं, लु-के-रि-या,
आणि तो खोकणारा माणूस
आपलाच नंबर लागला समजून
पुढे आला.